अक्षरं दिली आहेत, शब्द शोधा: पण नेमके कोणते?

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या शाळेतल्या स्पर्धेत काही इंग्रजी अक्षरं देतात आणि ‘ही अक्षरं असलेले शब्द शोधा’ म्हणून सांगतात. सरावासाठी दोन-तीन संकेतस्थळांवर तीच अक्षरं टाकली, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी यादी आली. मग बरोबर यादी कुठली? डोक्याने शोधायची काही पद्धत आहे का? आणि घरच्या संगणकावर हे आपलं आपण करता येईल का?

मी बरीच वर्षं स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) खेळतो, मुलांना शिकवतो आणि पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करतो, त्यामुळे तिन्ही भागांवर लिहितो. एक विनंती: इथले इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, तेव्हा वाचताना स्पेलिंग डोळ्यांसमोर आणा, उच्चारावर जाऊ नका.

याद्या वेगळ्या येतात, कारण ‘ही अक्षरं असलेले’ या तीन शब्दांत किमान चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि प्रत्येक संकेतस्थळ त्यातला आपल्याला हवा तो प्रश्न सोडवतं.

पहिला प्रश्न: दिलेली सगळी अक्षरं, प्रत्येक एकदाच, एकही शिल्लक न ठेवता. ए, सी, आय, एन, ओ, टी, यू दिलं तर ‘ऑक्शन’ आणि ‘कॉशन’. त्यात ई आणि डी घाला: ‘एज्युकेशन’, ‘ऑक्शन्ड’, ‘कॉशन्ड’. तिन्ही शब्द त्याच नऊ अक्षरांचे, आणि तिन्हींत पाचही स्वर. याला अ‍ॅनाग्रॅम म्हणतात.

दुसरा: दिलेल्या अक्षरांबाहेर जायचं नाही, पण सगळी वापरायलाच हवीत असंही नाही. हा स्क्रॅबलचा प्रश्न. वरच्या सात अक्षरांतून मग ‘अ‍ॅक्शन’, ‘टॉनिक’, ‘ट्यूनिक’, ‘काउंट’, ‘युनिट’, ‘कोट’ असे पुष्कळ निघतात.

तिसरा: दिलेली अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकी कुठलीही चालतील. क्यू आणि एक्स दिले तर ‘एक्सचेकर’, ‘एक्स्क्विझिट’, ‘क्विक्झॉटिक’. खरं तर ‘असलेले’ याचा सरळ अर्थ हाच. तरीही बहुतेक संकेतस्थळं दुसरा प्रश्न सोडवतात, कारण तिथे येणारे बहुतेक लोक स्क्रॅबल किंवा तसलाच खेळ खेळत असतात.

चौथा: अक्षरं दिलेल्या क्रमाने यावीत. सलग हवीत की मध्ये दुसरी चालतील, हा त्यातला उपप्रश्न. डब्ल्यू-के-डब्ल्यू सलग आलेला ‘ऑकवर्ड’, एक्स-वाय-जी चा ‘ऑक्सिजन’, जी-एन-टी चा ‘सॉव्हरिन्टी’. मध्ये दुसरी अक्षरं चालत असतील तर ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने येणारे ‘फसीशस’ आणि ‘अ‍ॅब्स्टीमियस’.

या चौघांवर आणखी एक गाठ आहे: एकदा दिलेलं अक्षर पुन्हा वापरता येतं का? एल, ई, टी, आर ही चार अक्षरं घ्या. ‘लेटर’मध्ये ई दोनदा आणि टी दोनदा येतो. स्क्रॅबलमध्ये हा शब्द बाद, कारण तुमच्या हातात ई ची सोंगटी एकच आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या कोड्यात मात्र तो चालतो. तिथे सात अक्षरं असतात, मधलं एक सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरी, आणि प्रत्येक अक्षर हवं तितक्या वेळा. म्हणजे बँकेतला ‘टेलर’ही चालला. मुलं सर्वांत जास्त गुण इथेच घालवतात असा माझा अनुभव आहे, म्हणून स्पर्धेच्या आधी बाईंना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: सगळी अक्षरं वापरायची का, बाहेरची चालतील का, एकच अक्षर दोनदा चालेल का. चौथी गोष्ट शब्दकोशाची, तिच्याकडे शेवटी येतो.

आता डोक्याने शोधण्याबद्दल.

सात वेगवेगळी अक्षरं ५,०४० प्रकारे मांडता येतात. कमी लांबीच्या मांडण्या धरल्या तर एकूण १३,६९९. त्यामुळे अक्षरं उगाच उलटसुलट करत बसणं हा वेळ घालवायचा हमखास मार्ग. अनुभवी खेळाडू मांडण्या करतच नाही. तो आधी शब्दाचं शेपूट शोधतो.

उदाहरण घेऊ: ए, डी, जी, आय, एन, आर, टी. यात आय-एन-जी आहे, म्हणजे ‘इंग’ बाजूला काढा. उरले ए, डी, आर, टी. त्यातून ‘डार्ट’ दिसला की ‘डार्टिंग’ तयार. इथे बहुतेक मुलं थांबतात. पण ‘इंग’ लागताना क्रियापदाचा शेवटचा ई गळतो, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे उरलेल्या चार अक्षरांना मनात एक ई जोडून पाहायचा: ‘ट्रेड’. म्हणून ‘ट्रेडिंग’. हा गळलेला ई परत जोडून पाहण्याची सवय एवढी एकच गोष्ट मुलीला शिकवलीत तरी तिचे शब्द लक्षात येण्याइतके वाढतील. मग शेपूट मोडायचं आणि लहान शब्दांकडे वळायचं: ‘रेटिंग’, ‘डेअरिंग’, ‘ग्रँड’, ‘ग्रँट’, ‘जायंट’, ‘ट्रेन’, ‘ग्रेन’, ‘ड्रेन’, ‘ट्रायड’.

अशी शेपटं फार नाहीत. ‘इंग’, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, आय-ई-आर, ‘शन’ची टी-आय-ओ-एन आणि एस-आय-ओ-एन ही दोन रूपं, ‘एबल’, ‘इश’, ‘नेस’, ‘लेस’, एल-वाय. पुढच्या बाजूला ‘री’, ‘अन’, ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘डिस’, ‘मिस’. एवढी एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

शेपूट नसेल तर व्यंजनांच्या जोड्या पाहायच्या: सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, एस-टी, टी-आर, सी-के. जोडी मिळाली की दोन अक्षरांचं एक होतं आणि काम हलकं होतं. त्यातही कोण कुठे बसत नाही हे माहीत असलेलं बरं. सी-के ने इंग्रजी शब्द सुरू होत नाही. व्ही ने संपणारे फार थोडे. जे ने संपणारे तर हाताच्या बोटांवर, आणि तेही बरेचसे आपल्याकडून किंवा अरबीतून गेलेले: ‘राज’, ‘ताज’, ‘हज’, ‘स्वराज’. हे चारही स्क्रॅबलच्या यादीत आहेत. क्यू नंतर यू येतो हे शाळेत शिकवतात, पण यू शिवायचे क्यूही आहेत आणि त्यातले काही ओळखीचे निघतात: एफ-ए-क्यू-आय-आर ‘फकीर’, टी-ए-एल-ए-क्यू ‘तलाक’, एन-आय-क्यू-ए-बी ‘निकाब’. धरणं, बंद, घेराव, लाख, क्रोर हेही इंग्रजी याद्यांत नांदताहेत. मराठी घरातल्या मुलाला हे आयते मिळतात. फक्त स्पेलिंग पाठ हवं. ‘घेराव’ इंग्रजीत ओ ने संपतो आणि ‘बंद’च्या शेवटी डी-एच असतो.

मराठी घरातल्या मुलांची एक अडचणही सांगतो. आपण लिपीमुळे आवाजाने विचार करतो. अक्षरं समोर आली की मूल ती उच्चारून जुळवायला लागतं आणि जे उच्चारता येत नाही ते आपोआप बाजूला पडतं. के-एन, जी-एन, पी-एस अशा सुरुवाती, जी-एच-टी आणि एम-बी असे शेवट त्याला सुचतच नाहीत. ‘नाइट’मधला के, ‘साम’मधला पी, ‘थम’मधला बी हे कानाला नसतातच. त्यामुळे मूक अक्षरांच्या जोड्यांची वेगळी यादी करून ती डोळ्यांनी पाठ करायला लावा, मोठ्याने म्हणून नव्हे. तसंच ए-ई-आय-ओ-यू दिसत नसेल तर ‘स्वर नाही, शब्द नाही’ असं म्हणून मूल हात टेकतं. वाय आहे का पाहायचं: ‘रिदम’. आणि वाय सुद्धा नसलेले ‘एनथ’ (एन-टी-एच), ‘हम्म’ (एच-एम-एम) किंवा पी-एस-एस-टी हेही मान्य शब्द आहेत.

कागदावर अक्षरं ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि लिहिलेल्या क्रमातच अडकतो. व्यंजनं गोलावर, स्वर मध्ये.

कुठलं अक्षर किती महत्त्वाचं, यावरही एक गैरसमज आहे. इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षरांचा क्रम म्हणून ई-टी-ए-ओ-आय-एन, मग एस-एच-आर-डी-एल-यू असा सांगितला जातो. छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या जुन्या लायनोटाइप यंत्राच्या कळा याच क्रमाने लावलेल्या असत. पण हा क्रम मजकुराचा आहे, शब्दांच्या यादीचा नाही. मजकुरात एच वर जातो तो ‘द’, ‘दॅट’, ‘ही’, ‘शी’, ‘विथ’, ‘हॅव’ हे शब्द सारखे येतात म्हणून. यादीत ‘द’ एकदाच असतो, त्यामुळे एच खाली घसरतो आणि अनेकवचनांमुळे एस वर चढतो. स्क्रॅबल बनवणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या, पण ते आकडे त्यांनी जसेच्या तसे घेतले नाहीत. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, एच मात्र दोनच, आणि एस फक्त चार. एस भरपूर असते तर प्रत्येक जण शब्दाला एस चिकटवून मोकळा झाला असता.

याच कारणाने स्पर्धात्मक खेळाडू काही सहा अक्षरी गठ्ठे पाठ करतात, जे जवळजवळ कुठल्याही सातव्या अक्षराशी जुळतात. सर्वांत प्रसिद्ध गठ्ठा एस-ए-टी-आय-एन-ई. त्याला डी मिळाला की ‘इन्स्टेड’, ‘डिटेन्स’, ‘स्टेन्ड’. जी मिळाला की ‘सीटिंग’, ‘टीझिंग’. एल ने ‘एंटेल्स’, ‘सेलियंट’. एम ने ‘इनमेट्स’, व्ही ने ‘नेटिव्ह्ज’, आर ने ‘रिटेन्स’, ‘नॅस्टियर’, ‘रेटिनाज’ आणि आणखी बरेच, अगदी झेड सुद्धा ‘झेनिएस्ट’ देऊन जातो. स्क्रॅबलमध्ये सातही सोंगट्या एका चालीत लावल्या की ५० गुण जास्तीचे, म्हणून हा खटाटोप. शाळेच्या स्पर्धेसाठी एवढं नको, पण अक्षरांचा गठ्ठा ओळखीचा झाला की शब्द शोधावा लागत नाही, तो दिसतो.

हे भाषेपासून किती सुटं कौशल्य आहे ते पाहायचं तर न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स पाहा. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं, आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचं. तरीही मी मुलांना अर्थ सांगतोच, आणि त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. शब्द क्रियापद आहे हे कळलं तरच त्याला ‘इंग’ आणि ई-डी लावता येतात. विशेषण आहे हे कळलं तर ई-आर आणि ई-एस-टी. एका शब्दाचे चार होतात ते अर्थामुळे.

तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नासाठी, म्हणजे अमुक अक्षरं हवीतच आणि बाकी मोकळं, नियम एकच: सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरू करा. जे, क्यू, एक्स, झेड यांतलं काही असेल तर त्याचे शब्द आठवा आणि त्यातून गाळत जा. ई पासून सुरू केलंत तर अर्धा शब्दकोश समोर येईल. ‘वर्डल’सारख्या, पाच अक्षरी शब्द ओळखायच्या कोड्यात जागाही कळतात, तिथे धोका निराळा: शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी कळली तरी ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘साइट’, ‘टाइट’, ‘फाइट’, ‘एट’ हे सगळे शिल्लक राहतात. एकेक टाकत बसण्यापेक्षा ‘फिल्म्स’सारखा शब्द टाकून एफ, एल, एम, एस चौघांचा एका फटक्यात निकाल लावावा. कठीण पातळीवर मात्र हे करता येत नाही.

संगणकाकडे वळू. इथे एकच कल्पना महत्त्वाची आहे आणि ती इतकी साधी आहे की आठवीतल्या मुलालाही समजते: शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावा. ‘लेटर्स’चं होतं ई-ई-एल-आर-एस-टी-टी. ‘सेटलर’चंही तेच, ‘ट्रेसल’चंही तेच. ही त्या शब्दाची किल्ली. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची किल्ली एकदाच काढून ठेवली, की अ‍ॅनाग्रॅम शोधणं म्हणजे दिलेल्या अक्षरांची किल्ली काढून तो कप्पा उघडणं. स्क्रॅबलच्या प्रश्नासाठी सात अक्षरांचे दोन किंवा जास्त अक्षरांचे गट काढायचे, ते भरतात फक्त १२०. तेरा हजारांवर मांडण्या तपासायच्या ऐवजी १२० कप्पे.

‘असलेले’ या प्रश्नासाठी किल्ली चालत नाही. तिथे प्रत्येक शब्दातली अक्षरं मोजायची आणि दिलेल्या मोजणीशी ताडायची. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी ‘काउंटर’ नावाची तयार सोय आहे. वेग हवा असेल तर सव्वीस अक्षरांना सव्वीस बिट देऊन प्रत्येक शब्दाचा एक आकडा करता येतो, आणि एका ‘अँड’ क्रियेत निकाल मिळतो. फक्त तो आकडा अक्षर आहे की नाही एवढंच सांगतो, किती वेळा ते नाही. अक्षरांना मूळ संख्या देऊन त्यांचा गुणाकार करायची एक हुशार युक्तीही फिरत असते. दिसायला सुंदर, पण लांब शब्दांचा गुणाकार ६४ बिटांत मावत नाही आणि घरगुती कामाला तिची गरजही नाही. व्यावसायिक प्रोग्रॅम वेगळ्याच वाटेने जातात: अपेल आणि जेकबसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये सगळा शब्दकोश एका जाळ्यात बसवून दाखवला, ज्यात सारख्या सुरुवाती आणि सारखी शेपटं एकदाच साठवली जातात. स्टीव्हन गॉर्डन यांनी १९९४ मध्ये त्याला पटावरच्या अक्षरापासून दोन्ही दिशांना जाता येईल असं रूप दिलं.

प्रोग्रॅमिंग नको असेल तर एक्सेल पुरेसं आहे. एका स्तंभात शब्दांची यादी टाका. एखादं अक्षर किती वेळा आलंय हे काढायला ‘लेन’ आणि ‘सबस्टिट्यूट’ वापरा: शब्दाची लांबी वजा ते अक्षर गाळून उरलेली लांबी. प्रत्येक अक्षराला एक स्तंभ, मग फिल्टर. दोन खड्डे सांगून ठेवतो. ‘सबस्टिट्यूट’ला मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं, म्हणून यादी आधी लहान लिपीत करून घ्या. आणि उतरवलेल्या यादीत ओळीच्या शेवटी न दिसणारं चिन्ह उरलेलं असू शकतं, त्यामुळे लांबी एकने जास्त येते आणि ‘एवढ्याने संपणारे’ हा शोध रिकामा परततो. ‘ट्रिम’ आणि ‘क्लीन’ एकदा फिरवा. लिनक्स किंवा मॅक असेल तर नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा आहेच: हव्या असलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक ‘ग्रेप’, एकापुढे एक जोडलेले. मात्र चौकटी कंसात अक्षरांचा संच देऊन ‘फक्त हीच अक्षरं’ असा नमुना लिहिलात तर तो मोजत नाही. एल-ई-टी-आर ला ‘लेटर’ देईल. म्हणजे स्पेलिंग बी साठी बरोबर, स्क्रॅबलसाठी चूक. घरी केलेल्या यादीचा संकेतस्थळाशी मेळ बसत नसेल तर आधी इथे पाहा.

आणि आता ती शब्दकोशाची गोष्ट. मॅकमध्ये आयती येणारी यादी १९३४ च्या वेबस्टर शब्दकोशातून घेतलेली आहे. शब्द सव्वादोन लाखांच्या वर, पण त्यात नंतरचे शब्द नाहीत आणि अनेकवचनं, ई-डी, ‘इंग’ची रूपं बहुतांशी गायब. ‘एनेबल’ नावाची सुमारे १ लाख ७३ हजार शब्दांची यादी सार्वजनिक वापरासाठी खुली आहे. घरगुती कामाला मी तीच सुचवतो. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर चालतात आणि तिच्या २०१९ च्या आवृत्तीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. उत्तर अमेरिकेतली यादी त्याहून बरीच लहान. एकच शब्द एका संकेतस्थळावर दिसतो आणि दुसऱ्यावर नाही, याचं हे दुसरं कारण. शाळेच्या स्पर्धेत मात्र बाई बहुधा टेबलावरचा छापील शब्दकोश उघडतील, आणि त्यात क्यू-आय असं स्पेलिंग असलेला ‘ची’ हा शब्द सापडेलच असं नाही. तेव्हा तो कोणता कोश आहे हे विचारून घ्या, ‘एनेबल’मधून काढलेले शब्द त्यात ताडून पाहा, आणि जे त्यात नाहीत ते मुलीच्या वहीत वेगळ्या पानावर लिहायला सांगा.